घमेल्याखालचा दिवा

मी आज पदवीधर आहे, शाळेत शिकवतो, ते देवाजी कापगते यांच्यामुळे. मी त्यांना मामा म्हणायचो, पण सख्खे मामा नव्हेत. रिसालीत आमच्या शेजारी राहणारे, पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसमधून, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवरून, रिटायर झालेले. कॉलेजचा फॉर्म त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला, खाडाखोड झाली म्हणून तीनदा. महिन्यापूर्वी आईचा फोन आला, "देवाजीभाऊ गेले रे..." आणि मला आधी आठवलं ते घमेलं.

सीमेवर लढाई सुरू होती तेव्हाच माझे बाबा वारले. त्यांच्या जागी दहा दिवस अखंड दिवा ठेवायचा होता. आईचा सारा जीव त्या वातीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव आला. गल्लीची जबाबदारी मामांनी आपणहून घेतलेली, गळ्यात शिट्टी. घराघरात डोकावत म्हणायचे, "कावून बे, फ्रिज उघडून दुश्मनाले लाइट दाखवून राहिला का?"

आमच्या दारात मात्र शिट्टी खिशात गेली. "बाई, दिवा विझवाचा नाही. मी झाकतो." त्यांनी दिव्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि पहाऱ्याला बसले. आई आत बायकांमध्ये होती. थोड्या वेळानं मी घमेलं जरासं उचललं... दिवा विझलेला. भट्टीला हवा पुरवण्यात ज्यांची उभी नोकरी गेली, ते मामा दिव्याची हवा विसरले होते.

"दिवा हाय ना, भाऊ?" आतून आई.

तेवढ्यात प्लांटमध्ये भट्टीतला धगधगता मळ, स्लॅग, ओतला गेला आणि अंधारलेल्या गल्लीवर आभाळ लालभडक झालं. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "मामा, आता प्लांटले शिट्टी मारा ना."

"हाय ना बाई," मामा म्हणाले, "पाह्य, किती उजेड हाय." मग माझ्या कानाशी, "माचिस आन. अन् बाईले कधी सांगू नको."

पुढे नोकरीसाठी मी बाहेरगावी गेलो. दर सुट्टीत फाटकातच त्यांचा प्रश्न, "सांगतलं तं नाही ना?" चेहरा असा, की जणू बाबांच्या वाटेवरचा अंधार त्यांच्याच माथी आला आहे. शेवटी मी पत्र लिहिलं. परवा ते त्यांच्या पेटीत, शिट्टीला गुंडाळलेलं सापडलं. आई हा लेख वाचेल, वाचू दे.

"आदरणीय मामा,

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला नाही. पण आईला त्या संध्याकाळपासूनच माहीत आहे. माचिस ओढल्याचा आवाज तिनं ऐकला होता. ती म्हणते, 'देवाजीभाऊले सांगू नको, त्यायले वाईट वाटन. ते जवळ बसले होते, तुह्या बाबाले अंधार कुठचा?' म्हणून मी सांगत नाही, फक्त लिहितो आहे. तुम्हाला कळलं, हे तिला कळू देऊ नका.

तुमचा भाचा"