मुहूर्त आणि मामांची गाडी

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या समस्त वाहनांनी माझ्या बायकोच्या मामांना आयुष्यात एकदा तरी मागे टाकलेलं आहे. एसट्यांनी टाकलं, ट्रॅक्टरांनी टाकलं, गडब गावाजवळ तर एकदा एका वरातीने बँडसकट टाकलं. मामांना त्याचं काही नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पेणच्या कारखान्यांतले गणपती टेम्पोतून गावोगाव पोचवले. शाडूची मूर्ती, भोवती पेंढा, आणि एक हादरा बसला की बाप्पाचा हात गेलाच! टेम्पो विकून मामांनी जुनी मोटार घेतली, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काही सुधारला नाही. मामी म्हणतात, हा माणूस आम्हालासुद्धा पेंढ्यात बांधून नेतो.

वेगमर्यादेच्या पाटीवरून या नवराबायकोचं जन्माचं भांडण आहे. मामींच्या मते पाटी ही परगावच्या लोकांसाठी असते. आपल्या रस्त्यावर, आपल्याला घाई असताना, ती वाचायचं कारण नाही. मामांचं उत्तर ठरलेलं, "पाटीवर 'सवडीप्रमाणे' असं लिवलेलं नाय." एकदा डोलवीजवळ कंपनीत निघालेली पोरं मागून हॉर्न बडवत होती. मामांनी गाडी कडेला घेतली, त्यांनाही थांबवलं, आणि पाटीवरचा आकडा बोट ठेवून वाचून दाखवला. शिफ्ट चुकेल म्हणून पोरं रडकुंडीला आली, तेव्हा मामांनी शिफ्ट उद्यापण असते अशी त्यांची समजूत घातली.

अशा माणसावर माझं लग्न अवलंबून होतं. माझ्या बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले; ती वाढली मामांकडेच. लग्न रोह्याला. नवरीला मांडवात मामाने आणायचं हा रिवाज, आणि पेणहूनही मीच आणणार हा मामांचा हट्ट. सगळं वऱ्हाड बसने येऊन चहा पिऊन बसलं तरी फुलांनी सजवलेल्या मोटारीचा पत्ता नव्हता. मी अंतरपाटासमोर एकटाच. भटजी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे" असं सांगून दमले. वेळ काढायला माझ्या आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला घेतली, आणि प्रत्येक 'सावधान'ला एक आजोबा सवयीने माझ्या एकट्यावर अक्षता टाकत राहिले.

शेवटी मामींनी नवरीला फोन लावून स्पीकरवर मामांना ऐकवायला सांगितलं.

"पाटी मागाहून वाचा, मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त दुसरा मिलतो," पलीकडून मामा शांतपणे म्हणाले.

"व्हय, नवरा पण दुसरा मिलेल मग!"

हे सगळं मामी माझ्या शेजारी उभ्या राहून बोलत होत्या. व्हायचं तेच झालं, मुहूर्त टळला. भटजींनी जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवून पंचांगातून दुपारचाच दुसरा मुहूर्त शोधून काढला. त्यानंतर कधीतरी मोटार आली. मामांनी दार हलकेच उघडलं, नवरीला हात दिला आणि मांडवाला अभिमानाने सांगितलं, "येक हादरा बसला नाय."

आजही कोणी हा विषय काढला, की मामा छाती काढून कायदा पाळल्याचं सांगतात, आणि माझी बायको त्यांच्या पानात भात वाढते. मला तिने खरं काय ते फार उशिरा सांगितलं. नागोठण्याच्या पुढे रस्ता मोकळा होता. पाटी साठची होती आणि मामांचा काटा तीसवर. तिने पाटी दाखवली, तर मामा समोरच बघत राहिले. मग म्हणाले, "तुला घाई हाय काय गो?"

ती नाय म्हणाली.

मुहूर्त चुकला याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की पेणहून रोहा तसं जवळच आहे.