गाडी नाथाजीची, पायऱ्या गावाच्या

कराडच्या एका शाळेनं आपली जुनी छोटी बस विकायला काढली, तेव्हा ती बघायला तिघं आले होते. एक भंगारवाला, एक कोंबडीची पिल्लं पोचवणारा आणि तिसरा नाथाजी हवालदार. पहिल्या दोघांना या बसची लायकी पक्की माहीत होती, म्हणून त्यांनी फार ताणून धरलं नाही. नाथाजीनं बस घेतली, आतली बाकडी उपटून काढली आणि दोन महिन्यांत त्या जागी पलंग, शेगडी, नळाची मोरी आणि भांड्यांचं कपाट बसवलं. चोवीस वर्षं फौजेत आणि चौदा वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर काढलेला माणूस एकसष्टाव्या वर्षी घराला चाकं लावतो, हे कुंडलच्या अलीकडच्या त्याच्या वाडीच्या पचनी पडलं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणून लोक हसले आणि गाडीचं नाव बिऱ्हाडच पडलं.

नाथाजीला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं. बनुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, जोधपूर, पठाणकोट आणि तेजपूर दाखवायचं. नोकरीत असताना दर सुट्टीला तो तिला सांगायचा की पुढच्या खेपेला फॅमिली क्वार्टर मिळतंय. कधी क्वार्टर मिळालं नाही, मिळालं तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्या उठल्या तर म्हैस गाभण. बनुबाईची मजल फार तर फलटणला नणंदेपर्यंत गेली. आता म्हैस नव्हती, सासूबाई नव्हत्या, पोरगी अंकिता पुण्यात सुखानं नांदत होती. जानेवारीच्या शेवटी त्यांच्या उसाला तोड येणार होती, त्याच्या आत जाऊन यायचं होतं.

पण फौजेचा ताफा पहाटे चारला निघतो, म्हणून बिऱ्हाडही चारलाच निघालं पाहिजे, असा नाथाजीचा हट्ट. डिसेंबरातल्या एका पहाटे बनुबाई लोणच्याची बरणी छातीशी धरून बसच्या लोखंडी पायऱ्या चढायला गेली आणि दुसऱ्या पायरीवरून खाली आली. पाय मुरगळला. बरणीला साधा तडाही गेला नाही, आणि नाथाजीनं आधी बरणीची चौकशी केली, ही त्याची चूक.

"पायरी दिसंल तवाच चढीन," बनुबाई जमिनीवर बसूनच म्हणाली. "न्हाईतर तुमी एकलं जावा. तुमाला सवय हाय."

शेवटचं वाक्य नाथाजीला लागलं. त्यानं त्याच दिवशी पायऱ्यांच्या उजेडाचं काम हातात घेतलं.

आता वाटतं तेवढं हे काम सोपं नाही. गाडीच्या आतला दिवा लावला की चढणाऱ्याचे डोळे दिपतात आणि उतरणाऱ्याची सावली नेमकी ज्या पायरीवर पाय ठेवायचा त्याच पायरीवर पडते. नाथाजीनं दाराच्या वर बाहेरून बल्ब लावून पाहिला, तर चढणाऱ्याच्या डोक्याची सावली पायरीवर. मग त्याला फौजेतली शिस्त आठवली. शत्रूला दिसू नये म्हणून तिथं मंद तांबडा दिवा लावतात. त्यानं पायरीशी तसा दिवा लावला. वाडीच्या आसपास शत्रू कोण, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. बनुबाईनं मात्र तांबड्या उजेडात पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "हितं काय कोंबडं कापलंय व्हय?"

शेवटी आकारामला बोलवावं लागलं. आकाराम म्हणजे पंचक्रोशीतला लायटिंगवाला. उसाच्या ट्रॅक्टरला झगमगाट करायचा असो, मंडळाचा देखावा असो, आकारामशिवाय पान हलत नसे. तो आला, पायऱ्यांकडे बघून त्यानं डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हवालदार, सात रंग पळवतो बघा. खालनं वर, वरनं खाली. मधी मोर."

"मोर नगं. पायरी दिसली पायजे, दिवा दिसता कामा न्हाई."

दिवा दिसू द्यायचा नाही, हे आकारामनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. जेवायला घालायचं पण ताट दाखवायचं नाही, असंच काहीतरी त्याला वाटलं असणार. तरी त्यानं काम झकास केलं. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेखाली पिवळसर दिव्यांची पट्टी दडवली, पाणी जाऊ नये म्हणून वर झाकण बसवलं, आणि दार उघडलं की दिवे लागावेत म्हणून फ्रीजला असतं तसं बटण दाराच्या चौकटीत बसवलं. फक्त कारागिराचा जीव, त्याला राहवलं नाही. त्यानं गुपचूप अशी जोडणी केली की दार उघडताच आधी खालची पायरी उजळावी, मग मधली, मग वरची, अगदी सावकाश.

दिवेलागणीला नाथाजीनं दार उघडलं. एकामागून एक तीन पायऱ्या सोनेरी झाल्या आणि बघायला जमलेल्या दहाबारा माणसांनी आपोआप हात जोडले.

इथवर ठीक होतं. पण नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही, हा बनुबाईचा नेम. तिनं तिन्ही पायऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, पहिल्या पायरीशी नारळ फोडला. "वलं हाय, वाळू दे. सकाळी चढते," असं म्हणून ती घरात भाकरी करायला गेली. तिथंच घात झाला.

शेजारच्या दगडाबाईची म्हैस चार दिवस पान्हा चोरत होती. दगडाबाईनं पायऱ्यांना डोकं टेकलं, घरी गेली, आणि म्हशीनं बादली भरून दूध दिलं. जनावरांच्या डॉक्टरनं दुपारीच येऊन सुई मारली होती. पण सुईला कोण नारळ फोडतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई चढायला म्हणून आली, तर पायऱ्यांवर शेवंतीचा हार, उदबत्ती आणि वाटीभर दूध. तिनं उचललेला पाय तसाच मागं घेतला.

"अगं, कुंकू तूच लावलंस की!" नाथाजी म्हणाला.

"आवं म्हणून तर! फुलावर पाय दिऊ व्हय मी?"

त्यानंतर आठवडाभरात जे झालं ते नाथाजीला कुठल्याही छावणीत शिकवलेलं नव्हतं. वाडीतल्या राहीबाईच्या पुतणीचं लग्न जमलं. एकाच्या बोअरला पाणी लागलं. ज्याच्या बोअरला लागलं नाही तो म्हणाला की मी चप्पल घालून पाया पडलो, माझंच चुकलं. बिऱ्हाडाभोवती चपलांचा ढीग पडायला लागला. दगडाबाई म्हणायची देवी आहे. भजनी मंडळाचे म्हातारे म्हणायचे की पायऱ्या तीन आहेत तर दत्तच असणार, यात वाद कसला. मिटवायला म्हणून आकारामनं सांगितलं की दिव्यांच्या पट्ट्या मी सांगलीतून आणल्यात, तर लोकांनी सांगलीच्या दिशेनं हात जोडले.

दर्शनाला दिवे लागले पाहिजेत, दिव्यांना दार उघडं पाहिजे, आणि दार दिवसभर उघडं राहिल्यानं बॅटरी बसायची. उजेड मंद झाला की कोप झाला म्हणून बोभाटा व्हायचा, आणि नाथाजी मुकाट्यानं घरातून वायर ओढून बॅटरी चार्ज करायचा. स्वतःच्याच गाडीचा तो पुजारी झाला होता. एका सकाळी त्यानं चिडून बादली आणि खराटा घेतला, पायऱ्या धुऊन टाकाव्यात म्हणून, तर लोकांनी अभिषेक समजून ते पाणी तांब्यात धरलं.

तो बायकोला गाडीत घालायचे दुसरे मार्ग शोधू लागला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उंच, बनुबाईचे गुडघे तिथं हात टेकायचे. शाळेची बस असल्यामुळं मागं संकटकालीन खिडकी होती. नाथाजीनं ती उघडून दाखवली. "संकटात ह्यातनंच भाईर पडत्यात. तू आत पड." बनुबाईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं खिडकी लावून टाकली.

कारखान्याकडून निरोप आला की तोड अजून तीन आठवड्यांनी. म्हणजे आता निघालं तरच जमणार होतं. नाथाजीनं वाडीत जाहीर केलं की शुक्रवारी गाडी हलणार. संध्याकाळी त्याच्या अंगणात सगळी वाडी येऊन बसली. सरपंच शिवांजली शिकलेली मुलगी, तिला या सगळ्याचं हसू येत होतं. पण निवडून आलेल्या माणसाला हसू दाबावंच लागतं.

"काका, गाडी तुमची, त्यात वाद न्हाई," ती म्हणाली. "पण पायऱ्या आता गावाच्या झाल्यात. गाव म्हणतंय, देव गावाभाईर जाऊ द्यायचा न्हाई."

नाथाजीचं डोकं सटकलं. "देव न्हाई त्यो! पट्टी हाय! बारा व्होल्टची!"

"आसंल की," भजनी मंडळातला एक म्हातारा शांतपणे म्हणाला. "देवाला बारा काय, आन् चोवीस काय!"

नाथाजी ओसरीच्या कडेला मटकन बसला. बनुबाई दारात उभी होती. ती गावाकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. हा माणूस आता पुन्हा एकटाच निघून जाईल, एवढंच तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ते वाचल्यावर नाथाजी उठला.

"मग घ्या पायऱ्या," तो म्हणाला. "आकाराम, पाना आण."

शुक्रवारी सकाळी आकारामनं आठ बोल्ट काढले. तिन्ही पायऱ्या, दिव्यांसकट, मारुतीच्या देवळाशेजारच्या कडुनिंबाखाली नेऊन सिमेंटात बसवल्या. दाराची चौकट नव्हती, म्हणून जोडणी उलटी करून बटण झाडाच्या खोडाला लावलं आणि बुंध्याशी एक बॅटरी ठेवली. बटण दाबलं की खालची पायरी उजळायची, मग मधली, मग वरची, आणि त्यापुढं नुसती हवा. कुठंच न जाणाऱ्या त्या पायऱ्या बघून गावाचं समाधान झालं. नारळ फुटले, खोबरं वाटलं. मग पूजा उरकलेली सगळी माणसं नाथाजीला निरोप द्यायला बिऱ्हाडाकडे आली.

तिथं बनुबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन उभी होती. दार उघडं होतं. दाराखाली पायऱ्यांच्या जागी भोक होतं, आणि गाडीची फरशी तिच्या कमरेएवढी वर.

इतका विचार कुणी केलाच नव्हता. धावपळ सुरू झाली. कुणी पाट आणला, तो बुटका पडला. कुणी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आधी आकारामनं चढून बघितलं आणि खुर्चीचे दोन पाय फाकले. कुणी म्हणालं ट्रॉली आणा, कुणी म्हणालं कराडहून नव्या पायऱ्या करून आणा, चार दिवसांत मिळतील. चार दिवस म्हटल्यावर बनुबाईनं पिशवी खाली ठेवली.

पिशवी खाली ठेवलेली नाथाजीनं पाहिली. तो पुढं झाला, दाराशी गुडघे टेकले, दोन्ही हात मातीत रोवले आणि पाठ सपाट केली.

"ठेव पाय," तो खालून म्हणाला.

दगडाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया, नवऱ्याच्या पाठीवर पाय? पाप लागंल गं!"

"लोक बघत्यात," बनुबाई हळू आवाजात म्हणाली.

"बघू द्यात. लवकर कर, कंबर धरतीया."

बनुबाईनं चपला काढल्या. एक पाय त्याच्या पाठीवर ठेवला, मग दुसरा. नाथाजीच्या तोंडून हुंकार निघाला. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं वजन त्याला पहिल्यांदा कळत होतं. तिनं दाराचा दांडा धरला, अंग वर घेतलं, आणि ती आत गेली. बायकांमधून आधी हसू आलं, मग टाळ्या, आणि शिवांजलीनं तर शिटीच मारली.

बनुबाई दारात वळून उभी राहिली. नाथाजी अजून ओणवाच होता. कमरेत चमक भरली होती आणि त्याला उठता येत नव्हतं. मान वर करून तो तिच्याकडे बघत होता.

"आता कळलं का, खालनं कसं दिसतंय ते?" बनुबाई म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. "दर सुट्टी सरली की तुमी येश्टीच्या पायरीवर आन् मी खाली. लय वरीस बघितलं मी आसं. तुमी हात हलवायचा, गाडी जायाची, आन् मी चालत घरला यायची. वाटंत कुणी बोलाय लागलं तर रडू यील म्हणून खाली बघून यायची."

फौजेत, कारखान्यावर, कुठंच नाथाजीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही आजवर चकार शब्द काढला नव्हता.

बनुबाईनं वाकून हात खाली केला. "धरा. या वर."

तो हात धरायला नाथाजीला थोडा वेळ लागला, कारण डोळे पुसल्याशिवाय त्याला तो नीट दिसत नव्हता.