दुखत नाही म्हणून

"काही झालेलं नाही. उठा."

आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांचं हे वाक्य खरं तर मैदानावर पडलेल्या मुलांसाठी होतं, पण स्टाफरूममध्येही ते सर्रास चाले. कुणाला ताप असो, कुणाचं जमलेलं लग्न मोडलेलं असो, सर हात पुढे करत आणि हेच म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याचा राग राग येतो आणि अडचणीत पहिला फोन त्यालाच जातो.

नवरात्रात आम्ही काही शिक्षक नाशिकहून वणीच्या गडाला पायी जायचो. म्होरके अर्थात सर. त्या वर्षी पहिला मुक्काम दिंडोरीला झाला. सकाळी उठून बघते तर चहूकडे नुसतं कण्हणं. माझ्या टाचांना असे फोड आले होते की चपलांकडे बघूनच रडू येत होतं. सर मात्र कॅनव्हासचे बूट चढवून दारात उभे. निवृत्तीला आलेला माणूस, पण पाय अगदी काल होते तसेच, असं स्वतःच सांगत होते. गणिताच्या मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, यांचे पाय सरकारी आहेत, त्यांना कशाचीच झळ लागत नाही. दुखत असूनही मी हसले.

लखमापूर फाट्यापर्यंत आमची पार दैना झाली. द्राक्षांच्या बागांत छाटणी चालू होती. रस्त्याकडेला एका बागवाल्या ताईंनी चालणाऱ्यांसाठी खिचडी आणि कोमट पाण्याची घमेली ठेवली होती. मी पाय बुडवले आणि सुखाने डोळे मिटले. सर बसायलाच तयार नव्हते. शेवटी ताईंनी हट्टाने त्यांना बूट काढायला लावले.

"दादा, मोजा तर रगतानं भिजलाय तुमचा," त्या म्हणाल्या.

बागेच्या मांडवाच्या तारेचा बोटभर तुकडा बुटाचा तळ फोडून आत घुसला होता. तो कुठे घुसला, सरांना सांगता येईना. सकाळपासून त्यावरच चालत असावेत, कारण रक्त कडेने वाळून काळं पडलं होतं. सवयीने ते म्हणाले, काही झालेलं नाही. मग जखमेशेजारी त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं, जोरात. आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, दुखत नाहीये हो."

साखरेने माझ्या आईच्या पायांचं असंच झालं होतं. तिला चटका बसलेलाही कळत नसे. मी विचारलं तेव्हा सरांनी मान खाली घातली. कित्येक वर्षं गोळ्या चालू होत्या, आणि आमच्या वाढदिवसांचे पेढे ते दोन-दोन खात होते. मला संताप आला आणि त्यांच्याविषयी मायाही वाटली, दोन्ही एकदम. आम्ही आपल्या फोडांचं कौतुक करत होतो आणि हा माणूस पाय गमावायच्या बेताला आला होता.

तरी ते बूट ओढू लागले. गड राहिला होता ना.

"देवीला काय तुमचा पाय पाहिजे हाय का?" ताई म्हणाल्या. "बसा गुमान गाडीत."

त्यांच्या यजमानांनी पिकअपमधून सरांना वणीच्या दवाखान्यात नेलं.

पाय वाचला. दोन बोटं पुढे काढावी लागली. सर पुन्हा आमच्याबरोबर चालले नाहीत, आणि गेल्या वर्षी ते गेले. शोकसभेत सगळे मैदानावरच्या सरांविषयी बोलले. मला मात्र ते त्या संध्याकाळचे आठवतात.

आम्ही लंगडत वणीत पोचलो तेव्हा सर खाटेवर होते, पट्टी बांधलेला पाय उशीवर. मी कण्हत शेजारच्या स्टुलावर टेकले.

"खूप दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"कसं? सांगा ना."

थट्टा नव्हती ती. मी टाचेपासून सांगायला घेतलं. पाऊल टेकताना कळ पोटरीपर्यंत कशी जाते, फोड फुटला की कसं चुरचुरतं. सर डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "आणि बोटांत?"