दोष दिव्याचा

माझ्या ताईच्या नवऱ्याला कारखान्यात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना 'जरासे' म्हणतात. अगदी मालकसुद्धा. कारण त्यांच्या तोंडी दिवसभर तोच एक शब्द.

आमचा कारखाना शिवणाचा धागा रंगवतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं आणि सांगतं, डिट्टो ह्याच रंगाचा धागा हवा. टाकीतून निघालेलं पहिलं रीळ भाऊजींच्या हातात येतं. ते तुकड्याशेजारी धरून मान तिरकी करतात आणि म्हणतात, "जरासा पिवळा." किंवा, "लाल जरासा उतरवा." मग रंगाऱ्याने पुन्हा पूड मोजायची, पुन्हा टाकी फिरवायची. भाऊजींचं समाधान झालं की माल पॅकिंगला येतो, आणि पॅकिंग माझ्याकडे आहे.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. मेहुणी म्हणून भाऊजींची चेष्टा करायचा परवाना मला तेव्हाच मिळाला आणि तो मी अजून परत केलेला नाही. ह्या माणसाला कुठे न्यायची सोय नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. बूट घ्यायला गेले तर दुकानदाराला ऐकवणार, की डावा आणि उजवा एका कातड्याचा नाही. ताईच्या घरातली एक भिंत त्यांनी इतक्या वेळा रंगवून घेतली, की शेवटी रंगवणाऱ्याने चहालाही नको म्हटलं आणि शिडी उचलून चालता झाला. पण त्यांनी पसंत केलेला माल कधी परत यायचा नाही. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

रंगकाम म्हणजे वाफ, गरम पाणी आणि अखंड फिरणाऱ्या मोटारी. वीज आणि इंधन मिळून आमचं कंबरडं मोडत होतं. टाळं लागणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मालकांनी एक तरुण इंजिनिअर बाई आणली. तिचं काम एकच, वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि थांबवायचं. आम्ही तिला 'बचतबाई' म्हणू लागलो. हातात मीटर घेऊन ती टाक्यांच्या मागे, पत्र्यांखाली, कुठेही शिरायची. आधी आम्ही हसलो. मग तिने वाफेच्या उघड्या नळांना जाड पांघरूण घातलं आणि भट्टीसारखं तापणारं माझं पॅकिंग थंड झालं. रंगाचं कढत सांडपाणी तसंच गटारात जायचं, त्याच्या उष्णतेवर तिने नवं पाणी आधी कोमट करून घेतलं. छपरावर सौर पॅनेल बसली, अधूनमधून पारदर्शक पत्रे बसले. मोटारी लागेल तेवढ्याच वेगाने फिरायला लागल्या. टाळ्याची भाषा बंद झाली. मी तर तिची भक्तच झाले. माझं ऐकून ताईनेही घरातले दिवे बदलले, फ्रिजच्या दाराचं सैल रबर बदललं, आणि बिल आलं की किती वाचलं ते ती मला मुद्दाम फोन करून सांगायची.

सगळ्यात शेवटी कारखान्यातले दिवे बदलायचे ठरले. रंग पाहायच्या खोलीची पाळी आली तशी भाऊजी दार अडवून उभे राहिले.

"इथे हात लावायचा नाही."

"काका, उजेड तेवढाच पडेल, वीज निम्मी लागेल," बचतबाई म्हणाली.

"उजेड तेवढाच म्हणजे तसाच नव्हे, बाई."

मालकांनी मान हलवली आणि जुन्या ट्यूब उतरल्या.

पहिला लॉट परत आला तो राखाडी रंगाचा. गिऱ्हाईक म्हणालं, उन्हात धागा हिरवट दिसतो. भाऊजींनी सगळ्यांना गोळा केलं. नव्या दिव्याखाली रीळ आणि तुकडा अगदी एक दिसत होते. दाराबाहेर नेले तर कुणीही सांगावं, हे वेगळे आहेत. बचतबाईचा चेहरा उतरला, पण तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"चूक माझी आहे. सगळीकडे एकच दिवा घेतला. रंग पाहायला खरा रंग दाखवणारे दिवे वेगळे मिळतात. वीज त्यांनाही कमीच लागते. मी मागवते."

"मला माझ्या ट्यूब द्या," भाऊजी म्हणाले.

त्या दिवशी ते जिंकले. ट्यूब परत चढल्या, आणि महिनाभर भाऊजी कारखान्यात असे फिरत होते, जणू सूर्यही त्यांना विचारून उगवतो.

मग एक मोतिया रंगाचा लॉट परत आला. त्याच्या मागोमाग फिकट राखाडी. हे दोन्ही त्यांच्याच जुन्या ट्यूबखाली पास झालेले. भाऊजींनी खापर छपराच्या पारदर्शक पत्र्यांवर फोडलं. त्यांच्या खोलीवरचे पत्रे झाकले. पुढचा लॉट परत आला तेव्हा सौर पॅनेलची वीज 'पातळ' असते असा शोध लागला. "नाचता येईना अंगण वाकडं," माझ्याकडची एक पोरगी पुटपुटली. मी तिला चांगलंच झापलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

घरीही तोच प्रकार. कारखान्यातल्या उरलेल्या ट्यूब आणून त्यांनी ताईचे दिवे काढून टाकले. मी जेवायला गेले होते तेव्हा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, त्या मेल्या दिव्यांनी भिंतसुद्धा पिवळी करून टाकली." भिंत होती तशीच होती.

"भाऊजी, एकदा डोळे दाखवून या," मी हसत म्हटलं.

ते हसले नाहीत. "माझे डोळे? अगं, ह्या डोळ्यांवर तुझं पॅकिंग चालतं."

ताईने टेबलाखालून माझ्या पायाला चिमटा काढला. नंतर ओट्याशी भांडी आवरताना ती हळूच म्हणाली, "एक मोजा काळा आणि एक गडद निळा घालून निघतात. मी रोज जोडी लावून ठेवते."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"माहीत असून काय करू? आपलं म्हणून ह्यांच्याकडे काय आहे दुसरं? ना नाद, ना मित्र. रंग कळतो, एवढंच. तेही गेलं तर हा माणूस खुर्चीत बसून संपेल. मी बोलणार नाही आणि तूही बोलायचं नाहीस."

मी बोलले नाही. भाऊजी मात्र दोन रिळं घेऊन माझ्या टेबलाशी यायला लागले. "चल, तुझी परीक्षा घेतो. दोन्ही एकच ना?" म्हणायचे. मी आपली बढाई मारत उत्तर द्यायची, "वरचं जरा निळं आहे, मास्तर." ते 'शाबास' म्हणून जायचे. चार-पाच परीक्षांनंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही परीक्षा नव्हतीच, ते मला खरोखर विचारत होते. मला फार वाईट वाटलं. मग वाटलं, चालू दे. ते निवृत्त होईपर्यंत त्यांचे डोळे मी झाले, तर त्यात कुणाचं काय जातं?

कुणाचं जातं ते लवकरच कळलं. प्रत्येक रिळासाठी काही ते माझ्याकडे येत नव्हते. आणखी एक लॉट परत आला, सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा, आणि आता आणखी एक चूक झाली तर संबंध संपला असा त्यांचा निरोप आला. भाऊजींनी मालकांना सांगितलं, "ही बाई आली तेव्हापासून घडी विसकटली." मालकांनी हिशेब सोपा केला. बचतबाईला काढायचं, तिने केलेलं सगळं उपटायचं आणि जुनं होतं तसं करायचं.

तिला सांगायला त्यांनी रंगाच्या खोलीत बोलावलं. भाऊजी होते, मालाची जबाबदारी माझी म्हणून मीही होते. बाई रडली नाही की भांडली नाही. तिने खिशातून दोन राखाडी रिळं काढली. एक गिऱ्हाइकाने पसंत केलेलं जुनं, एक आदल्या दिवशी भाऊजींनी पास केलेलं.

"काकांनी एकदा बाहेर उन्हात बघून सांगावं," ती म्हणाली. "तिथे माझा दिवा नाही, पत्रा नाही. दोन्ही एक असतील तर मी आत्ता जाते."

भाऊजी ताठ मानेने अंगणात गेले. आम्ही मागोमाग. बारा वाजले होते, लख्ख ऊन होतं. त्यांनी रिळं शेजारी शेजारी धरली, मान तिरकी केली.

"एकच आहेत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी निश्चिंतपणे म्हणाले, "काय गं? सांग ह्यांना."

मी पाहिलं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी ताईकडे काय तोंड घेऊन जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. बचतबाई माझ्याकडे बघतही नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "एक निळसर आहे."

मला वाटलं ते चिडतील, निदान वाद तरी घालतील. त्यांनी रिळं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठलं?"

मालक आत निघून गेले. मी बोटाने दाखवलं. भाऊजींनी मान हलवली, पण त्यांना ते दिसलं नव्हतं, ते मला कळलं.

ताई मला घरभेदी म्हणाली. "चार माणसांत? घरी येऊन सांगता आलं नसतं? खोटं बोलता आलं नसतं?" मी म्हटलं, त्या पोरीची नोकरी जात होती. ताई म्हणाली, "पोरगी तरुण आहे, तिला दुसरी मिळाली असती." बचतबाई राहिली. ताई मात्र कितीतरी दिवस माझा फोन उचलत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय म्हणाले. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर भाऊजी एक डोळा हाताने झाकायचे, मग दुसरा. बिछान्याची चादर, डॉक्टरांचा कोट, ताईचे केस. "ह्या डोळ्याने पांढरे," ते म्हणाले, "आणि ह्याने पिवळे." ताई हसली. ते हसले नाहीत.

कारखान्यात आले तेव्हा त्यांनी परत आलेले सगळे लॉट गोदामातून मागवले. बचतबाईकडून तिने पहिल्यांदा बसवलेला तो दिवाही मागून घेतला. बाकावर बसून, एक डोळा झाकून, एकेक रीळ त्या त्या उजेडात पाहत राहिले. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

"पहिला दिव्याचा," शेवटी ते म्हणाले. "बाकीचे माझे."

"झालं गेलं, भाऊजी."

"हे परत आले म्हणून कळले गं. जे परत आले नाहीत, लोकांनी तसेच शिवून टाकले, त्यांचं काय? केव्हापासून चुकतोय मी?"

डॉक्टरही ते सांगू शकले नव्हते.

मालक माणूस वाईट नाही. डोळा बरा झालाय, तर या कामावर, म्हणाले. बचतबाईने तोवर खोलीत खरा रंग दाखवणारे नवे दिवे बसवले होते. भिंतींना तिने फिकट राखाडी रंग दिला होता, म्हणजे भिंतीचा रंग रिळावर पडू नये. आतून डबीसारखी शांत खोली. भाऊजी पहिल्या दिवशी आले तेव्हा रंगारी चमचा हातात धरून उभा होता, मी दारात होते.

"बाई, दिवा बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे, काका. मीटरने तपासलाय."

त्यांनी रीळ तुकड्याशेजारी धरलं. मला दारातूनही दिसत होतं, रंग तंतोतंत जुळला होता. भाऊजी बघत राहिले. एक डोळा झाकला, उघडला. रंगाऱ्याची चुळबुळ सुरू झाली. पूर्वी एवढ्या वेळात त्यांनी तीन टाक्या हातावेगळ्या केल्या असत्या. आता दिव्यात खोट नव्हती, बऱ्या झालेल्या डोळ्यात खोट नव्हती, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"इकडे ये गं," ते मला म्हणाले. "एकच आहेत ना?"

"एकच आहेत, भाऊजी."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. त्यांनी रीळ हातात फिरवलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग बचतबाईकडे वळून तिलाही तेच विचारलं.