टेप सुताराची, कान माझा

कुणाच्याही बंगल्यात शिरले की काका आधी एक टाळी वाजवायचे. नमस्कार नाही, पाणी नाही. खोलीच्या मध्यात उभं राहून एकच कडक टाळी, मग मान तिरकी करून ती कोपऱ्यांत कशी घुमते त्याचा अंदाज. मालकांना वाटायचं, आरती सुरू होतेय.

मी सुतार. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत मुंबईकरांच्या बंगल्यांतली लाकूडकामं करतो. काकांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडल्यावर ते लोकांचे भारी भारी स्पीकर लावून द्यायला लागले. स्टँड माझे, जागा त्यांची.

"भिंतीला चिकटवून उभे का केलेत हो? शिक्षा केलीय?" हे ते मालकाच्या तोंडावर विचारायचे. एका बाईसाहेबांची समुद्राकडची भिंत अख्खी काचेची. काचेवरून उसळणारा आवाज घुमू नये म्हणून काकांनी त्यांना समोरच्या भिंतीवर गोधडी टांगायला लावली. त्या नाक मुरडत राहिल्या, गाणं लागलं तेव्हा खुर्ची ओढून बसल्या.

तुम्ही असे स्पीकर ऐकले असतील तर ठाऊक असेल. डावा-उजवा नीट लागला की गाणं मधल्या रिकाम्या जागेतून येतं. काकांच्या पिशवीत तंबोऱ्यावर गाणाऱ्या एका बाईंची सीडी असायची. ती लावून ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि मी स्पीकर सरकवायचा. "आण. आण. बोटभर मागं. थांब! बसल्या बाई मधोमध." मग फरशीवर खडूची खूण. मी मोजायला गेलो की हातावर चापट. "टेप सुताराची, कान माझा."

आणि कान होताच हो तसा. उगाच नाही सांगत.

मग नागावच्या एका बंगल्यात ते म्हणाले, "उजवा पुढे आण." आणला. "अजून." वीतभर आणला. "हां, बसल्या बाई." मला तर बाई उजव्या स्पीकरच्या मांडीवर बसल्यासारख्या वाटत होत्या. मी स्वयंपाकाच्या मावशींना हळूच विचारलं, "बाय कुठनं गाते?" त्यांनी उजवीकडेच बोट दाखवलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की हल्ली काका बोलताना डावा कान पुढे करतात.

सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. बायको गेलेली, मुलगी पुण्याला, दुकान बंद. त्या माणसापाशी कानाशिवाय होतं काय? मग मी लबाडी सुरू केली. काका हातपाय धुवायला विहिरीवर गेले की मी टेप काढायचो आणि उजवा स्पीकर मागे सरकवून दोन्ही अंतरं सारखी करायचो. मालक खूश. "काका, तुमच्यासारखा कान नाही!" काका लाजायचे आणि मी हत्यारं आवरत बसायचो.

दोन पावसाळे हे निभलं. मग किहीमला काका विसरलेला चष्मा घ्यायला परत आले. मी गुडघ्यांवर, हातात टेप, उजवा स्पीकर मागे सरकवून झालेला.

"किती दिवस चाललंय हे?"

"काका, तसं काय न्हाय..."

"मेस्त्री, किती दिवस?"

"दोन वर्षं."

ते खुर्चीत बसले. "लाव सीडी." मी लावली. बराच वेळ ऐकून म्हणाले, "डावीकडे गातायत." आवाज अगदी साधा होता. मग हात पुढे केला, "टेप दे तुझी." मी दिली. ते गेले.

त्यानंतर ते कामाला आले नाहीत. फोन उचलला नाही. दोनदा घरी गेलो, आत गाणं मोठ्यानं चाललेलं. दार ठोठावलं, उघडलं नाही. ऐकू आलं नसेल की उघडायचं नसेल, देव जाणे. मलाही राग आला. म्हटलं, दोन वर्षं यांची लाज राखली त्याचं हे बक्षीस! तिसऱ्यांदा गेलो नाही. जायला हवं होतं.

गणपती झाल्यावर काका गेले. झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर मुलीचा फोन आला, "मेस्त्री, तुम्हीच येऊन बाबांचे स्पीकर काढा. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना आवडायचा नाही."

त्यांच्या खोलीत डाव्या स्पीकरखाली खडूची एकच खूण होती. उजव्या बाजूला आठ-नऊ. एकीपुढे एक, वीत वीत सरकत, शेवटची खूण खुर्चीच्या पायाला लागलेली. हे मला का दिसलं नाही कधी? दर वेळी काकांना वाटलं असणार, स्पीकरच मागे राहिलाय.

पण उजवा स्पीकर त्या शेवटच्या खुणेवर नव्हता. तो मागे, सगळ्यात पहिल्या खुणेवर उभा होता आणि ती पुसट खूण नव्यानं गिरवलेली होती. शेजारी माझी टेप.

"चालतात का बघा ना," मुलगी म्हणाली. मी सीडी लावली, तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या पाठीमागे उभा राहिलो. बाई मधोमध बसल्या होत्या. तसूभर इकडेतिकडे नाही. काकांना त्या तशा ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी टेपनं मोजलं होतं. त्या खुर्चीत नंतर जे कुणी बसेल त्याच्यासाठी.

मुलीनं डोळे पुसले. "बाबांना अगदी असंच ऐकू यायचं ना?"

"असंच," मी म्हणालो आणि टेप खिशात घातली.