एकशे ऐंशी मीटर

आमचे हे वजनमापे निरीक्षक. म्हणजे दुकानदाराचा काटा खरा आहे का, पेट्रोल पंपावरचं पाच लिटर खरोखर पाच लिटर भरतं का, कापडवाल्याची मीटरपट्टी झिजून आखूड झाली नाही ना, हे बघत हिंडायचं. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणतात. आडनाव ते नाही, पण आता मलाही काटेवहिनी म्हणून हाक मारतात आणि मी मुकाट्यानं वळून बघते.

संशय घेणं हे यांचं पगारी काम. ते पाच वाजता ऑफिसातच ठेवून घरी यावं, एवढीच माझी मागणी होती. छे! दूध आलं की मापात ओतून बघणार. लेकीला एकशे एक ताप आहे असं मी म्हटलं की शेजारून दुसरा थर्मामीटर आणणार. कहर म्हणजे लेकीच्या वेळचा. कळा पाच-पाच मिनिटांवर आल्यात म्हणून मी ओरडतेय, आणि हा गृहस्थ घड्याळ घेऊन समोर बसलाय. "तीन तरी मोजू दे." तीन मोजल्या, मग टॅक्सी आली, आणि लेक दवाखान्याच्या लिफ्टमध्ये झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. "चार मिनिटं वीस सेकंदांचं अंतर होतं," हे नंतर म्हणतात कसे, "तू पाच म्हणाली होतीस."

हसा खुशाल. चारचौघांत सांगताना मीही हसते. पण सव्वीस वर्षांत या माणसानं माझा एक शब्द, केवळ मी म्हणते म्हणून, खरा मानला नाही. दागिना नको होता मला, कौतुक नको होतं. एकदा तरी "बरं, तू म्हणतेस ना, मग झालं" एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय मला मरणसुद्धा आलं नसतं, इतकी मी त्या हट्टाला पेटले होते.

तर मागच्या वर्षी ऑफिसची आरोग्य तपासणी झाली. दवाखान्याच्या काट्यानं यांचं वजन चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम दाखवलं. रक्तात साखर, रक्तदाब वर, डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत खडसावलं. सासरे चोपन्नाव्या वर्षी जिन्यात दम खायला बसले ते उठलेच नाहीत, आणि यांना त्रेपन्न पूर्ण. मी तर गारच पडले. हे मात्र म्हणाले, "काटा खोटा आहे."

दुसऱ्या दिवशी वीस-वीस किलोची प्रमाण वजनं घेऊन स्वारी दवाखान्यात हजर. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून पाहिली, मधोमध ठेवून पाहिली. काटा खरंच खोटा निघाला. फक्त तो एक किलो दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता! म्हणजे हे पंच्याण्णव किलो आठशे. तोंडात मारल्यासारखे घरी आले. डॉक्टरांचं म्हणणं यांनी कधीच मानलं नसतं, पण स्वतः तपासलेल्या काट्यापुढे बोलणार काय?

"मॅरेथॉन पळणार," रात्रीच्या जेवणाला म्हणाले.

लेकीच्या घशात घास अडकला. "बाबा, आधी जिना चढा. मग पाच किलोमीटर, मग अर्धी मॅरेथॉन..."

"अर्धी वगैरे काही नाही. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. जगात कुठंही जा, तेवढीच. माप म्हणजे असं असावं."

झालं. अकरा महिने घराची प्रयोगशाळा झाली. पहाटे उठून चालणं, मग चालता चालता थोडं धावणं, मग धावता धावता थोडं चालणं. पहिल्या महिन्यात गल्लीतली कुत्रीसुद्धा यांच्यामागे लागेनात, इतका सावकाश कारभार. घामानं चिंब बनियन पिळून त्याचंही वजन करायचे. किती पाणी गेलं ते कळायला हवं ना! दर रविवारी सकाळी न्हाणीघराबाहेरच्या फरशीवर काटा मांडायचा, फरशी सपाट आहे का बघायचं, मग वजनं ठेवून काटा तपासायचा, आणि मग दोन्ही हात सरळ ठेवून वर उभं राहायचं. मी आकडा वाचायला गेले की, "तिरकं बघू नकोस, तिरकं बघितलं की चुकतं." आकडा माझ्या तोंडून आला, तरी लेकीकडून पुन्हा वाचून घ्यायचा.

वजन उतरत गेलं. नव्वद, सत्त्याऐंशी, चौऱ्याऐंशी. आणि तिथं गाडी अडली. तीन आठवडे जागची हलेना. आधी काट्यावर संशय, मग फरशीवर, मग ऑफिसातल्या चहावर. शेवटी एका संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात लोण्याची बरणी हातात घेऊन उभे. बरणीवर पेन्सिलीची रेघ.

"सोमवारी इथं होतं. आज गुरुवार. घरात लोणी खातंय कोण?"

मी डाळीवर झाकण ठेवलं. काय सांगणार? यांची गालफडं बसलेली मला बघवत नव्हती, मान कोंबडीसारखी झाली होती. रोज वाटीभर डाळीत चमचाभर लोणी ढकलत होते मी. होय, ढकलत होते! नवऱ्याचाच जीव, माझीच डाळ.

ते चिडले असते तर मी दोन ऐकवली असती. पण शांतपणे म्हणाले, "बघ, म्हणून मी कुणाचं काही धरून चालत नाही." बरणी जागेवर ठेवून निघून गेले. मी भांडी आपटली, दुसरं काय करणार.

त्या दिवसापासून मलाही तीच खोड लागली. मनात सारखी पाल चुकचुकायची. हे "बरं वाटतंय" म्हणाले की मी ओठांचा रंग बघायची. धावून आले की न्हाणीघराच्या दाराला कान लावून श्वास मोजायची. एकदा जिन्यात अर्ध्यावर थांबलेले दिसले. मी विचारलं, तर म्हणाले, "बुटाची नाडी." नाडी बांधलेली होती. मी लेकीला म्हटलं, हा माणूस जगाची मापं काढतो आणि स्वतःचं माप चोरतो.

शर्यतीला दीड महिना उरला आणि मार्गाचा नकाशा आला. दुसऱ्या कुणी तो भिंतीला लावला असता. यांनी ऑफिसातलं मोजणीचं चाक आणलं. दांड्याला धरून ढकलायचं, चाक फिरतं आणि आकडा पुढे सरकतो. आधी ते चाकच पन्नास मीटरच्या पोलादी पट्टीवर तपासून घेतलं. मग तीन रविवार आम्ही दोघं अख्खा मार्ग मोजत फिरलो. हे चाक ढकलणार, मी वहीत आकडे मांडणार. वळणावर कडेकडेनं, रस्ता ओलांडताना सरळ. लोक थांबून बघायचे. एका बाईनं तर विचारलं, रस्ता रुंद करणार आहात का, आमचं कुंपण जाईल का? यांनी तिलाही नीट समजावून सांगितलं.

पुलापाशी रस्ता खणलेला होता म्हणून आयोजकांनी वळण पुलाच्या अलीकडूनच घेतलं होतं. बेरीज आली बेचाळीस किलोमीटर पंधरा मीटर. यांनी तो तुकडा चाक माझ्या हाती देऊन पुन्हा मोजून घेतला, स्वतः पाहिलंच नाही. माझा आकडा आणि त्यांचा आकडा मीटरला मीटर जुळला. माझा चेहरा फुलला असणार. हे वहीत बघून म्हणाले, "योगायोग." आणि तिसऱ्यांदा मोजायला गेले. तो पूल दिसला की अजून माझ्या डोक्यात राख जाते.

एकशे ऐंशी मीटर कमी. हे तडक आयोजकांच्या ऑफिसात गेले. टेबलामागच्या तरुणानं वही पाहिली आणि हसून म्हणाला, "काका, एवढं कोण बघतं?"

हे वाक्य, आणि आमच्या यांना! तीन पानी पत्र गेलं. उत्तर आलं नाही.

"मग नाव काढून घ्या," मी म्हटलं.

"का? अंतिम रेषेच्या पुढे एकशे ऐंशी मीटर मी पळेन. रेषा त्यांची आहे, अंतर माझं आहे."

आदल्या संध्याकाळी मला घेऊन गेले. अंतिम रेषेपासून चाक ढकलत, क्रीडांगणाच्या लांबलचक भिंतीकडेनं. भिंत कोरी, ना खांब ना झाड, लांबून दिसेल अशी खूण काहीच नाही. एकशे ऐंशीला खडूनं रेघ ओढली. मग म्हणाले, "खडूचा काय भरवसा? कुणी पाणी मारलं तर पुसला जाईल. तू इथं उभी राहा उद्या. अजिबात हलायचं नाही."

मी मान डोलावली. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं, की या माणसानं मला खुणेचा दगड केला.

सकाळी सहापासून मी रेघेवर. नऊला टँकर आला, रस्त्यावर पाणी मारलं, खडू गेला. मी चपला जागच्या हलवल्या नाहीत. साडेनऊला सुरक्षारक्षक आला. बाई तासन् तास रिकाम्या भिंतीपाशी उभी म्हणजे त्याचंही डोकं फिरणारच.

"कुणाची वाट बघताय?"

"नवऱ्याची. पळतायत."

"शेवट तिकडे आहे, बाई. इथं कुणी येत नाही."

"माझा येणार आहे."

"मग जरा बाजूला, सावलीत उभ्या राहा."

"नाही हलता येत मला."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, माझी पिशवी उघडून पाहिली, पाण्याची बाटली हुंगली. आणि दहा पावलांवर माझ्याकडे तोंड करून उभाच राहिला. दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो.

साडेअकराच्या सुमाराला हे दिसले. अंतिम रेषा ओलांडली, कुणीतरी गळ्यात पदक अडकवलं, कुणी पाणी पुढे केलं. यांनी हात बाजूला केला आणि पळत राहिले. "काका, संपलं! काका, झालं!" माणसं ओरडत होती, हसत होती. हे भिंतीकडेनं येत होते.

यायला लागले तसा लांबूनही मला चेहरा दिसला. राखेसारखा. डावा खांदा खाली झुकलेला, पाऊल पडायचं तिथं पडत नव्हतं. सासऱ्यांना जिन्यातून उचललं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. अजून बरंच अंतर होतं. मी किती वेळ तशीच उभी राहिले, मला आठवत नाही. दोन सेकंद असतील, दहा असतील. माझ्या तोंडून फक्त "अगं आई गं" एवढं निघालं.

आणि मी निघाले. त्यांच्याकडे. पळाले नाही, पळाले असते तर त्यांना कळलं असतं. भिंतीला चिकटून, भराभर, खाली बघत गेले. वाटेतल्या एका गटाराच्या जाळीपाशी थांबले, पाय जुळवले, आणि सकाळपासून तिथंच आहे अशी उभी राहिले.

हे आले. ओठ पांढरे पडलेले. डोळे माझ्यावर होते, पण दिसत किती होतं देव जाणे. माझ्या खांद्यावर हात टेकला आणि विचारलं, "इथंच ना?"

"हो," मी म्हटलं. "इथंच."

मागे वळून रेषा किती लांब आहे ते त्यांनी पाहिलं नाही. खाली खडू शोधला नाही. चाक कुठंय विचारलं नाही. "बरं," म्हणाले, आणि जाळीपाशी खाली बसले.

तो सुरक्षारक्षक सगळं बघत होता. मला वाटलं आता हा बोलणार. तो मात्र धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. पाय उंच केले, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, अर्ध्या तासात गालांवर रंग आला. हृदयाचा आलेख काढला, ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी ओढलं असतं तर सांगता येत नाही. नसतंही काही झालं. सांगता येत नाही.

चार दिवसांनी मी ऑफिसच्या चाकानं एकटीच जाऊन मोजून आले. रंगवलेली अंतिम रेषा रस्त्यावर होतीच. रेषेपासून जाळीपर्यंत एकशे अठरा मीटर. पुन्हा मोजलं, एकशे अठराच. बासष्ट मीटर मी खाल्ले होते.

रविवारी ऑफिसची मंडळी अभिनंदनाला आली. यांचं वजन आता अठ्ठ्याहत्तर किलो चारशे, जुन्या पॅंटला दोन मुठी घडी. पदक टेबलावर होतं, पण त्याच्याकडे हे बघतही नव्हते. एकशे ऐंशी मीटरची गोष्ट मात्र रंगवून सांगत होते. यांच्याच हाताखाली तयार झालेला एक निरीक्षक हसत म्हणाला, "साहेब, खडू तर पुसला गेला होता. मग पूर्ण भरलं कशावरून? पडताळणी कुणी केली?"

"पडताळणी कशाला?" हे म्हणाले. "ही उभी होती ना. ही म्हणाली इथंच, मग झालं."

सगळे हसले. मी कपबशा गोळा करून आत गेले आणि नळ सोडून सिंकपाशी उभी राहिले. लेक मागून आली, म्हणाली, "आई, रडतेस काय? बाबा चक्क तुझ्यावर विश्वास ठेवायला लागले!" मी म्हटलं, "हो गं बाई."

सांगावं असं रोज मनात येतं. रोज यांच्या चेहऱ्याकडे बघते आणि तोंडाला कुलूप बसतं. काल जेवताना म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा पळायचं म्हणतोय.

"तू उभी राहशील ना, मी सांगेन तिथं?"

"राहीन," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि जेवायला लागले. पुन्हा विचारलं नाही.