उघड्या बोअरचं वाक्य

परवा माळ्यावर नववीतली इंग्रजीची वही सापडली. उमापूरच्या शाळेत बाईंनी सांगितलं होतं, घरातली, रानातली एखादी वस्तू घ्या, तिच्यामुळं काय होऊ शकतं ते इंग्रजीत लिहा. मी लिहिलं, उघडा राहिलेला बोअर लहान मूल गिळू शकतो. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "कुणाचा बोअर हा?" "आमचाच हाय, बाई. आटलाय. पोतं झाकलंय त्याच्यावर." बाईंनी लाल पेन तसाच टाकला आणि मला स्कूटीवर बसवलं. कापसाच्या रानात ऊन लई तापलं होतं. बोअरवर पोतं नव्हतं. तीन वर्षांची माझी बहीण कडेला उकिडवी बसून आत खडे टाकत होती आणि वाकून आवाज ऐकत होती. मी हाक मारणार तोच बाईंनी माझं तोंड दाबलं. "ओरडू नको, दचकेल ती." चपला काढून त्या मागून गेल्या. उचलली तेव्हा बहिणीच्या मुठीत दोन खडे उरले होते. वहीत त्या वाक्यापुढं बाईंची लाल खूण नाही. पोतं झाकलंय म्हणून बाईंना सांगितलं खरं, पण त्या दिवशी सकाळी कापूस भरायला आईनं पोतं मागितलं, तेव्हा बोअरवरचं मीच झटकून दिलं होतं. हे अजून घरात कुणालाच माहीत नाही.